लंडनची एमएससी फायनान्स : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

काल बँकेचा मेसेज आला, कर्जावरच्या व्याजाचे पैसे कापले म्हणून. तेव्हाच ठरवलं, आता लिहायचंच. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. रँकिंगच्या यादीत वरच्या दहांत असतं, एवढं पुरे. रँकिंग, जीमॅट, आयईएलटीएस सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देते.

आधी ब्लूमबर्गची, म्हणजे शेअर-रोख्यांचे ताजे भाव आणि आकडे दाखवणाऱ्या संगणकांची, खोली. माहितीपत्रकाच्या दुसऱ्याच पानावर तिचा फोटो होता: ओळीने टर्मिनल, पिवळ्या कळांचे कीबोर्ड, ते प्रसिद्ध हिरवं ‘गो’ बटण. नाशिकच्या घरी तो फोटो मी बाबांना तीनदा दाखवला. प्रत्यक्षात टर्मिनल बारा, आणि त्यावर एमएससी, एमबीए, पदवीवाले असे सगळेच तुटून पडलेले. बुकिंग रात्री बाराला उघडतं आणि बारा वाजून चार मिनिटांनी संपतं. फेब्रुवारीत त्यातल्या तिघांवर ‘बंद आहे’ असे कागद चिकटले. मी चार मेल केले. चारही वेळा उत्तर एकच, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचाच आहे हो, फी आणि राहणं धरून पन्नास लाखांचा.

या नऊ महिन्यांत मला टर्मिनल मिळालं एकूण अकरा तास. बाबांनी जिल्हा बँकेत एकतीस वर्षं काढलीत, त्यांनी फोनवरच भागाकार केला. म्हणाले, “तासाला साडेचार लाख पडले गं.” हिशोब अन्यायाचा आहे, मान्य. पण डोक्यातून जात नाही.

खरा फटका वेगळाच बसला, आणि त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. इथल्या मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकांचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात उघडतात. शेवटची तारीख नोव्हेंबरची दिसते, पण अर्ज येतील तशा मुलाखती होतात आणि जागा भरत जातात. कायमच्या जागा बहुतेक आदल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप केलेल्यांना मिळतात. एक वर्षाच्या एमएससीला आदला उन्हाळा असतोच कुठे? तेव्हा आपण व्हिसासाठी कागद गोळा करत असतो. माझं पहिलं लेक्चर सप्टेंबरच्या शेवटी झालं. करिअर विभागाने सीव्ही कसा लिहावा यावर कार्यशाळा ठेवली ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. वरात गेली आणि मग घोडं आलं.

डिसेंबरात हा अनुभव अर्धा लिहून ठेवला होता, एक तारा देऊन. तो आता खोडतेय, कारण मार्चमध्ये काहीतरी घडलं.

माजी विद्यार्थ्यांच्या यादीतून साठ जणांना मेल केले. नऊ जणांनी उत्तर दिलं. त्यातल्या एका बाईंनी, ओळख ना पाळख, वीस मिनिटं फोनवर माझा सीव्ही ओळ न् ओळ सोलून काढला आणि पुढे कंपन्यांना कर्ज देणाऱ्या एका छोट्या फंडाकडे पाठवला. साठातले नऊ हे प्रमाण पुण्यातल्या माझ्या आधीच्या ऑफिसातून मला कधीच मिळालं नसतं. नावाची किंमत असते ती इथे. अर्जात विद्यापीठ निवडायची जी यादी येते, तिथेही असेल.

त्या फंडाच्या मुलाखतीत ब्लूमबर्गबद्दल चकार शब्द नाही. विचारलं काय, तर घसारा, म्हणजे यंत्रं-इमारतींच्या झिजेचा खर्च, 10 ने वाढला तर नफा-तोटा, रोख प्रवाह आणि ताळेबंद या तिन्ही पत्रकांत काय बदलेल? कर 25 टक्के धरला. निव्वळ नफा साडेसातने घटतो. घसारा रोख जात नाही म्हणून तो परत जोडायचा, म्हणजे रोकड अडीचने वाढते. ताळेबंदात स्थिर मालमत्ता 10 ने कमी, रोकड अडीचने जास्त, समोर भागधारकांच्या निधीची बाजू साडेसातने कमी. जुळलं. हे मला टीवायबीकॉमला नाशिकच्या सरांनी खडूने शिकवलं होतं, आणि त्या वर्षाची अख्खी फी माझ्या इथल्या महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी होती.

ऑक्टोबरपासून सहा महिन्यांची ऑफ-सायकल, म्हणजे उन्हाळ्याच्या नेहमीच्या हंगामाबाहेरची, इंटर्नशिप मिळाली आहे. पुढे नोकरी लागेलच असं नाही. शिक्षणानंतर इथे राहून काम करायच्या ग्रॅज्युएट व्हिसाला 31 डिसेंबर 2026 पर्यंत अर्ज केला तर दोन वर्षं मिळतात, 1 जानेवारी 2027 पासून अठराच महिने. माझी बॅच शेवटच्या गाडीत चढली. मागून येणाऱ्यांनी सहा महिने कमी धरूनच कर्ज काढावं.

मुंबईतच काम करायचं असेल तर एवढा खटाटोप कशाला? चर्चगेटजवळ जमनालाल बजाज मॅनेजमेंट कॉलेज आहे, तिथे जमलं नाही तर नोकरी सांभाळत सीएफए या गुंतवणूक क्षेत्रातल्या परीक्षेच्या तीन लेव्हल आहेत. लंडनच हवं असेल तर निघायच्या आधीच्या जुलैत सीव्ही तयार ठेवा आणि भारतातूनच अर्ज टाका. मी ऑगस्टभर बॅगेत गोडा मसाला किती बसेल हे बघत होते.

तर साडेतीन तारे. अर्धा त्या बाईंचा.

परवा परीक्षा संपल्यावर सहज खोलीत डोकावले. पोरं गेलेली, नऊच्या नऊ टर्मिनल रिकामी. उरलेल्या तिघांवर फेब्रुवारीतले कागद अजून तसेच.