फाट्यापर्यंत विजेची स्कूटर, पुढे एसटीचे अर्धे तिकीट: वर्षभराच्या वापरानंतर

माझे गाव कोरेगाव तालुक्यात मुख्य रस्त्यापासून सहा-सात किलोमीटर आत आहे आणि नोकरी साताऱ्यात आहे. गेले वर्षभर फाट्यापर्यंत विजेची स्कूटर आणि तिथून पुढे एसटी असा माझा रोजचा प्रवास चालू आहे. दोन्हींत सरकारी पैसा आहे: स्कूटरच्या किमतीत केंद्राचे अनुदान आहे, तर महिलांच्या तिकिटातील सवलतीची रक्कम राज्य सरकार एसटी महामंडळाला भरून देते. त्यामुळे गाडीबरोबरच हा पैसा आमच्यासारख्या आडवाटेच्या गावात कितपत पोहोचतो, तेही लिहीत आहे.

आधी स्कूटर. तिची बॅटरी सुमारे तीन किलोवॅट-तासाची, म्हणजे तीन युनिट वीज साठवणारी आहे. एका चार्जिंगमध्ये कंपनी सांगते तेवढे अंतर ती आमच्या रस्त्यावर कधीच देत नाही, आणि उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांच्या मागे थांबत-निघत जावे लागत असल्याने ते आणखी घटते. परंतु रोजच्या ये-जा करण्यापुरते ते भरपूर आहे. महिन्याला साधारण पंधरा युनिट वीज लागते. घरगुती दरात शंभर युनिटांच्या पुढे प्रत्येक युनिट जवळजवळ दुप्पट महाग होते आणि घरचा वापर आधीच तेवढा असला की स्कूटरची वीज नेमकी या वरच्या टप्प्यात मोजली जाते, हे विक्रेता सांगत नाही. तरीही तो खर्च दोनशे रुपयांच्या आत राहतो. पूर्वीच्या स्कूटरला याच अंतरासाठी सात-आठ लिटर पेट्रोल लागत असे.

त्रास झाला तो दुरुस्तीचा. ऐन पावसाळ्यात चार्जिंगच्या जागी पाणी शिरून बिघाड झाला, सुटा भाग यायला तीन आठवडे लागले आणि तालुक्याच्या गावी या कंपनीचे सेवा केंद्रच नसल्यामुळे गाडी टेम्पोत घालून साताऱ्याला न्यावी लागली. पेट्रोलची गाडी गावातला मेकॅनिक उघडतो. ही उघडायला तो तयार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. शिवाय संध्याकाळी विजेचा दाब कमी झाला की चार्जर आपोआप बंद होतो, म्हणून मी पहाटे चार्जिंग लावते.

अनुदानाचा अनुभव संमिश्र आहे. विजेच्या वाहनांसाठीच्या केंद्राच्या फेम-2 योजनेत मे 2023 पर्यंत दुचाकीला बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे 15,000 रुपये मिळत होते, जूनपासून ते 10,000 झाले. 1 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झालेल्या केंद्राच्याच पीएम ई-ड्राइव्ह योजनेत पहिल्या वर्षी 5,000 रुपये प्रति किलोवॅट-तास आणि गाडीमागे कमाल 10,000 रुपये असा हिशेब होता. 1 एप्रिल 2025 पासून तो निम्मा झाला. मी पाडव्याला गाडी ठरवली, पण ती एप्रिलमध्ये हाती आल्यामुळे मला 5,000 रुपयेच मिळाले. उरलेली लाखभराची रक्कम ज्यांच्याकडे आहे किंवा ज्यांना पतसंस्था कर्ज देते, त्यांच्यासाठीच हे अनुदान आहे. शेतमजुरीला जाणारी बाई त्या हिशेबात कुठेच येत नाही. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये पेट्रोलच्या लहान दुचाकींवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे 5 टक्के कराच्या विजेच्या गाडीचा किमतीतला फायदाही आक्रसला. राज्याच्या 2025 च्या विजेच्या वाहनांच्या धोरणात विजेच्या चारचाकींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी दिली गेली, हे वाचून आमच्या फाट्यावर कुणाला विशेष आनंद झाल्याचे दिसले नाही.

अर्ध्या तिकिटाचे तसे नाही. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या बसमध्ये निम्मे भाडे लागते. त्याआधी मी मासिक पास काढत असे, ज्यात वीस दिवसांचे भाडे भरून महिनाभर प्रवास करता येतो. आता रोज तिकीट काढूनही त्यापेक्षा कमी पैसे लागतात. परंतु खरा बदल माझ्यापेक्षा इतर बायकांच्या प्रवासात झाला आहे. दवाखाना, बाजार किंवा माहेर यांसाठी ज्या नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मोटारसायकलची वाट पाहत, त्या आता दोघी-तिघी मिळून एसटीने जातात आणि येताना कुणाला विचारावे लागत नाही. जानेवारी 2025 मध्ये भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, तेव्हाही त्यांनी हा प्रवास सोडला नाही. पुरुष मात्र पूर्वीसारखेच दुचाकीवर आहेत. सरकारचा रुपया कुठे जास्त कामी आला, असे मला विचारले तर माझे उत्तर स्कूटर नसून तिकीट हेच आहे.

अडचण आहे ती गाव आणि फाटा यांच्यामधल्या रस्त्याची. तिथे वडाप, म्हणजे प्रवासी भरून नेणारी खासगी जीप चालते आणि वडापला अर्धे तिकीट नाही. जीप भरेपर्यंत ती हलत नाही, त्यामुळे फाट्यापुढचा वीस किलोमीटरचा प्रवास स्वस्त आणि अलीकडचा सात किलोमीटरचा महाग व बेभरवशाचा, अशी उलटी स्थिती झाली आहे. माझी स्कूटर हे अंतर सोडवते, पण ती ठेवायची कुठे? मी ती चहाच्या टपरीमागे लावते आणि महिन्याला टपरीवाल्याला पैसे देते. पत्र्याची एक शेड, चार सॉकेट आणि एक राखणदार एवढे फाट्यावर झाले, तर दुचाकीवर थेट साताऱ्याला जाणारे काही जण तरी तिथे गाडी लावून एसटीत बसतील, असे मला रोजच्या पाहण्यावरून वाटते. ग्रामपंचायतीला ही गोष्ट परवडण्यासारखी आहे. तसा अर्ज आम्ही काही जणींनी दिला आहे.

विजेची स्कूटर घ्यावी का, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगेन: घरी ओट्यावर पंधरा अँपिअरचा सॉकेट आणि चांगले अर्थिंग असेल, रोजचे अंतर ठरावीक असेल आणि सेवा केंद्र तालुक्याच्या गावी असेल तर जरूर घ्यावी. यांतले शेवटचे नसेल तर पेट्रोलची जुनी गाडी लगेच विकू नये.