डीप स्टॉपचं डोक्यातलं भूत उतरलं, चार स्टार

स्कूबा डायव्हिंगचा कोर्स, दोन वीकेंड, शनिवारी थिअरी आणि रविवारी सकाळी पूल, मी आणि माझी बहीण दोघींनी केला. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, आधीच झालंय, आता 30 मीटर खोल जायची तयारी म्हणून. कोथरूडहून स्कूटरवर वीस मिनिटं, पाणी स्वच्छ, वेटसूट जुनाट पण चालतात. मला लिहायचंय ते सरांनी डीप स्टॉपवर, म्हणजे वर येताना खोलातच मध्ये थांबण्यावर, दिलेल्या दीड तासाबद्दल.

मी पक्कं धरून गेले होते की वर येताना 15 मीटरला दोन मिनिटं थांबलं की जास्त सेफ, एका सीनियर दादाने सांगितलेलं. सरांनी आधी हे आलं कुठून ते सांगितलं. रिचर्ड पाइल म्हणून हवाईचे मासे-अभ्यासक, खोलातून मासे वर आणताना माशांच्या पोटातल्या फुग्यातली हवा काढायला मध्येच थांबायचे आणि त्या दिवशी थकवा कमी वाटतो असं त्यांच्या लक्षात आलं. मग बोर्डावर ग्राफ काढला. मेंदूसारख्या भागात श्वासातल्या हवेतला नायट्रोजन पटकन भरतो, पटकन निघतो, पण चरबीसारख्या हळू भरणाऱ्या भागात तुम्ही 15 मीटरला थांबलात तरी तो भरतच असतो, म्हणजे तुम्ही तिथे थांबून काहीतरी काढताय तसं भरतायही. अमेरिकन नेव्हीचा 2011 चा रिपोर्ट सांगितला, 52 मीटरच्या डाइव्ह, एका गटाचे स्टॉप खोल, दुसऱ्याचे उथळ, एकूण वेळ सारखाच, आणि बेंड्स, म्हणजे वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा त्रास, खोल थांबणाऱ्यांनाच जास्त झाले. लगेच हेही म्हणाले की त्या डेको डाइव्ह, म्हणजे वर येताना थांबणं सक्तीचं, आपल्या नो-डेको, तशी सक्ती नसलेल्या, जसंच्या तसं लावू नका, आणि 25 मीटरच्या डाइव्हवर एका अभ्यासात 15 मीटरच्या स्टॉपने बुडबुडे कमी दिसलेही होते, पण बुडबुडे कमी म्हणजे बेंड्स कमी असं सिद्ध होत नाही. इतकं सरळ कोणी सांगत नाही हो, मला फार आवडलं.

मग आपण काय करायचं, तर मिनिटाला 9 मीटरपेक्षा हळू वर या आणि 5 मीटरला 3 ते 5 मिनिटं थांबा, टाकीतली हवा तिथे खर्च करा. आम्ही पूलमध्ये हेच घोकलं, बहिणीला बीसीडीतली (हवा भरून तरंगायचं जॅकेट) हवा वेळेवर सोडायला अख्खी सकाळ लागली.

एक स्टार कापला कारण भाड्याने दिलेल्या, खोली आणि वेळ दाखवणाऱ्या मनगटी डाइव्ह कॉम्प्युटरच्या मेन्यूत डीप स्टॉप ऑनच होता, थिअरीत एक आणि मनगटावर दुसरं, नवीन माणूस 15 मीटरला गोंधळून जाईल ना. सांगितल्यावर बंद करून दिला, पण सगळ्यांचे तपासायला हवे होते. आणि मालवणहून पुण्याला परत येताना आंबोलीसारखा घाट लागतो, उंची 600 मीटरच्या वर जाते, म्हणजे विमानात बसण्याआधी थांबतात तसंच डाइव्हनंतर 12 तास, जास्त डाइव्ह असतील तर 18 तास थांबायला हवं, हे मी विचारलं म्हणून निघालं. संध्याकाळी डाइव्ह संपवून रात्रीच गाडी काढणारे आमच्याच बॅचमध्ये तिघं होते.