पासवर्ड मॅनेजर: अडून बसला म्हणून वाचलो

सगळे पासवर्ड साठवून आपोआप भरणारं हे अ‍ॅप वर्षभर वापरतोय. ते उघडायचा लांबलचक मास्टर पासवर्ड टाइप करायचा कंटाळा येतो, खोटं कशाला बोला! पण परवा ‘खातं बंद होईल’ असा मेसेज आला नि घाईत लिंक दाबली. पान हुबेहूब बँकेचं, पत्त्याशेजारी कुलूपही. (कुलूप म्हणजे कनेक्शन एन्क्रिप्टेड, वाटेत कुणाला वाचता येत नाही, एवढंच, ते भामट्यालाही फुकटात मिळतं.) मॅनेजर काही केल्या पासवर्ड भरेना. आधी त्यालाच शिव्या घातल्या. मग चष्मा लावून पत्ता वाचला: ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ खेटून बसलेले! मी फसलो, तो नाही. तो रूप बघत नाही, साठवलेला पत्ता जुळवतो. मोबाइलवर मात्र खऱ्या अ‍ॅपमध्येही कधीकधी रुसतो, म्हणून एक तारा कापला.