रजिस्टरवाले मुख्याध्यापक की वर्गात येणारे?

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात. मुख्याध्यापक कोणत्या वळणाचे, हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

एक असतात रजिस्टरवाले. हजेरी, यू-डायस (शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती), पोषण आहाराचा हिशेब चोख, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) खूश. पण शिक्षकांशी बोलणं नोटिशीतूनच. मग शिक्षकही घड्याळाकडे पाहत शिकवतो.

दुसरे स्वतः तास घेणारे. यवतमाळकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत असे सर होते. कापूस वेचणीच्या दिवसांत पटावरची पोरं शेतात असायची. सरांनी खुलासा मागितला नाही. आम्हा शिक्षकांना सोबत घेऊन सकाळीच कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) निघाले. नव्या मॅडमची चूक त्यांनी वर्गात नाही, सुटीत चहा पिताना सांगितली. त्याच मॅडम पुढे चौथीतल्या कच्च्या मुलांसाठी स्वतःहून थांबू लागल्या.

माझं मत दुसऱ्यांनाच. त्यांचे कागद मात्र कायम मागे (तपासणीच्या आदल्या रात्री आमची धावपळ!).

शिक्षण हक्क कायदा २००९ प्राथमिकला पटसंख्या १५० हून जास्त असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक धरतो. लहान गावात प्रभारी गुरुजी दोन वर्ग एकत्र बसवून माहिती भरत असतात. त्यांना ही निवड करायला मिळतेच कुठे?