इनिट स्क्रिप्ट सोडून सिस्टमडीवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

डेबियन 9 या लिनक्सच्या सर्व्हरवर आमची बिलं काढणारी पायथन सर्व्हिस चालते. ती घरीच लिहिलेल्या इनिट स्क्रिप्टवरून (सर्व्हिस सुरू-बंद करणारी शेल स्क्रिप्ट) सिस्टमडीच्या (मशीनवरच्या सर्व्हिस सुरू करून सांभाळणारा प्रोग्रॅम) युनिट फाइलवर, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलवर, आणून आता बरेच महिने झाले. सर्व्हिस कोणी रीस्टार्ट केली यावर आता काहीही अवलंबून नसतं. माझ्या लेखी फक्त एवढ्यासाठीसुद्धा हा बदल करावा.

पूर्वी स्क्रिप्ट रूटच्या शेलमधून थेट चालवली की त्या शेलमधले सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रॅमला सुरू होताना मिळणारी सेटिंग्ज), म्हणजे पाथ (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे), प्रॉक्सी, लँग (भाषा आणि अक्षरांचं एन्कोडिंग), डीमनला, म्हणजे मागे चालत राहणाऱ्या सर्व्हिसला, वारशाने मिळायचे. त्यात डेबियनचा एसएसएच (दुरून लॉगिन करायचा प्रोग्रॅम) लँग आणि एलसीवाले (भाषेचेच) व्हेरिएबल्स लॅपटॉपवरून सर्व्हरपर्यंत पोचवतो. सहकाऱ्याने रीस्टार्ट केलं की बिलं व्यवस्थित निघायची. मशीन रीबूट झालं की सर्व्हिस कोणाच्या शेलमधून सुरू होत नसे, म्हणून लँग गायब, आणि पायथन 3.5 ग्राहकाच्या नावाआधीच्या 'श्री'लाच युनिकोड एन्कोड एरर देऊन पडायचं. कोड तोच, डेटा तोच! अशा वेळी प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखालची एन्व्हायरन फाइल वाचावी. प्रोसेस सुरू होताना तिला काय मिळालं होतं ते तिथे दिसतं.

आता सर्व्हिस सिस्टमसीटीएल या कमांडने रीस्टार्ट करतो. ती फक्त निरोप देते, सर्व्हिस सुरू करतो तो एक नंबरचा प्रोसेस, म्हणजे सिस्टमडी स्वतः. त्यामुळे आपल्या शेलमधलं काही तिच्यापर्यंत जातच नाही. लँग आता युनिट फाइलमध्येच लिहिलंय, आणि रीबूटनंतरही बिलं तशीच निघतात.

त्रासही आहे. बॅशआरसी (शेलची सेटिंग फाइल) वाचलं जात नाही, ईटीसी फोल्डरमधली एन्व्हायर्नमेंट नावाची फाइलही नाही. युनिटला जोडता येणारी व्हेरिएबल्सची वेगळी फाइल शेल स्क्रिप्टसारखी दिसते, पण तशी चालत नाही: ओळीआधी एक्स्पोर्ट लिहिलं तर ती ओळ सोडून दिली जाते, डॉलरचं चिन्ह लावलेला व्हेरिएबल उलगडत नाही. जुन्या फाइली जशाच्या तशा उचलणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

पासवर्ड मात्र युनिटमध्ये एन्व्हायर्नमेंट म्हणून अजिबात लिहू नका. सिस्टमसीटीएल शो चालवणाऱ्या साध्या युजरलाही तो दिसतो, शिवाय सर्व्हिसने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोसेसकडे तो जातो. डेबियन 11 मधल्या सिस्टमडी 247 मध्ये लोडक्रेडेन्शियल आहे, म्हणजे पासवर्ड एन्व्हायर्नमेंटऐवजी फाइलमधून सर्व्हिसला देण्याची सोय. सर्व्हर अपग्रेड झाला की आम्ही तेच वापरणार. रात्रीची कामं अजून क्रॉनवर (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा जुना प्रोग्रॅम) आहेत. तिथे पाथमध्ये जेमतेम दोन फोल्डर मिळतात, म्हणून तीही सिस्टमडीच्या टायमरवर हलवायला घेतली आहेत.