'टूथसम'चा माग काढताना हाती आलेला व्युत्पत्तिकोश

'टूथसम' हा इंग्रजी शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याचा संबंध दातदुखीशी असावा, असेच मला वाटले होते. फोनमधल्या एका शब्दकोशाने 'चविष्ट' एवढा एकच प्रतिशब्द देऊन माझी बोळवण केली. चव कळते जिभेला, मग या शब्दात दात कुठून आले, याचा उलगडा डग्लस हार्पर यांनी संकलित केलेल्या 'ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी' या विनामूल्य संकेतस्थळावर झाला.

तेथील नोंद लहानशी, पण नेमकी आहे. 'टूथ' या शब्दाला 14 व्या शतकाच्या अखेरीस 'आवड, खाण्याची ओढ' असा लाक्षणिक अर्थ आला होता. गोडघाश्या माणसाला 'स्वीट टूथ' आहे असे म्हणतात, तेही याच अर्थाने. त्याला 'सम' हा प्रत्यय लागून 1550 च्या दशकात 'टूथसम' आढळू लागतो. हा 'सम' म्हणजे 'थोडेसे' नव्हे. तो 'होलसम'मध्ये आहे आणि 'हँडसम'मध्येही आहे. 'हँडसम'चा मूळ अर्थ 'हाताळायला सोपा' असा होता आणि देखणेपणा त्याला मागाहून चिकटला, हे वाचल्यावर मी मूळ शोध विसरून बराच वेळ तिकडेच रेंगाळलो.

एका नोंदीतून दुसरीकडे नेणारे हे दुवेच मला या कोशाचे सर्वांत मोठे बळ वाटतात. 'टूथ'च्या मुळाशी गेल्यावर लॅटिन 'डेन्स' आणि संस्कृत 'दन्त' भेटतात, म्हणजे आपला 'दात' याच कुळातला ठरतो. अलीकडच्या खाद्यलेखनात, चावताना दातांना किंचित प्रतिकार जाणवेल इतपतच शिजवलेल्या पास्त्यालाही 'टूथसम' म्हणतात. काहींना ही चूक वाटते. मला वाटत नाही, कारण तशा पास्त्यासाठी रूढ असलेल्या 'अल देन्ते' या इटालियन शब्दप्रयोगातही तोच दात आहे.

मात्र नोंदीतले साल शब्दाच्या जन्माचे नसून लेखनातल्या पहिल्या ज्ञात आढळाचे असते, हे ध्यानात ठेवूनच हा कोश वाचावा. आजच्या वापराची उदाहरणवाक्ये हवी असल्यास जोडीला एखादा मोठा सामान्य शब्दकोश ठेवलेला बरा. 'टूथसम'साठी मी तरी यापुढे 'चविष्ट' न लिहिता 'खावासा वाटणारा' असे लिहीन.