ढाल कोणत्या वाडीला? पदकं मोजायच्या तीन रीती

मे महिन्यात चाकरमानी आले की वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावात वाडीवार स्पर्धा होतात आणि शेवटच्या दिवशी ढालीवरून भांडण ठरलेलं. गेल्या वर्षी पहिले नंबर वरच्या वाडीचे जास्त, एकूण नंबर खालच्या वाडीचे. फळ्यावर तक्ता मी लिहीत होतो, त्यामुळे सगळं माझ्याच अंगावर आलं. “पयल्या नंबराचा काय घेवन बसलास, सगळे नंबर मोज मरे!” यंदा नियम आधी ठरवायचाय, म्हणून हिवाळी ऑलिंपिकचे तक्ते काढून बसलो. बर्फ आपण मासळीच्या पेटीतच पाहिलेला, पण भांडण अगदी आपलंच आहे.

२०१०, व्हँकुव्हर. कॅनडाची १४ सुवर्ण, ७ रौप्य, ५ कांस्य. अमेरिकेची ९, १५, १३. जर्मनीची १०, १३, ७. आधी सुवर्ण बघायची, या रूढ रीतीने कॅनडा पहिला. अमेरिकेतली माध्यमं बहुतेकदा एकूण पदकं मोजतात. तसं केलं तर अमेरिका ३७, कॅनडा २६. आता ३-२-१ असे गुण देऊन पाहा: अमेरिका ७०, जर्मनी ६३, कॅनडा ६१. पहिला होता तो तिसरा! गुण ५-३-१ केले तर अमेरिका १०३, आणि कॅनडा-जर्मनी दोघेही ९६.

सुवर्णाच्या रीतीत एक सोय आहे. २०१८ मध्ये नॉर्वे आणि जर्मनी दोघांचीही १४ सुवर्ण झाली, तेव्हा रौप्य पाहिली. नॉर्वेची १४, जर्मनीची १०. प्रश्न मिटला. पण एका सुवर्णापुढे दहा रौप्यं फुकट जातात, हे मला पटत नाही. एकूण मोजणीत उलट घोळ: तिसरा आलेला आणि पहिला आलेला सारखेच.

खरी मेख सांघिक खेळात आहे. १९८० च्या लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकला अमेरिकेची ६ सुवर्ण होती. त्यातली ५ एकट्या एरिक हायडनने स्पीड स्केटिंगमध्ये जिंकली, सहावं आइस हॉकीच्या २० जणांच्या संघाचं. आपल्याकडे एक चपळ पोरगा धावण्याच्या सगळ्या शर्यती मारतो आणि कबड्डीत गुडघे फोडून घेणाऱ्या अख्ख्या संघाचा नंबर एकच धरला जातो!

दरडोई पदकांचा हिशोबही कोणी मांडेल. लिख्टेनस्टाइन हा युरोपातला चिमुकला देश, लोकसंख्येने चिपळूण शहराहून लहान, तरी हिवाळी पदकं १०, सगळी अल्पाइन स्कीइंगची, म्हणजे बर्फाच्या उतारावरून घसरत जायच्या शर्यतींची. पण त्या हिशोबाने आमची अकरा घरांची वाडी एका तिसऱ्या नंबरावर ढाल नेईल, तेव्हा नको. ऑलिंपिकची सनद तर म्हणते की स्पर्धा खेळाडूंमध्ये आहे, देशांमध्ये नाही. हे आमच्या सभेत बोलून बघा!

माझं मत ५-३-१ ला. कबड्डी आणि रस्सीखेचीला दुप्पट गुण, आणि हे सगळं पहिली शिट्टी वाजण्याआधी फळ्यावर. गुण सारखे झाले तर पहिले नंबर मोजायचे. तेही सारखे निघाले तर ढाल सहा महिने वर, सहा महिने खाली. गणपतीत कोणाकडे, ते चिठ्ठी टाकून.